पाणी कुठवर आलं होतं?

१२ जुलै १९६१ च्या पुराचे म्हणून पुण्यात जे फोटो दाखवले जातात, त्यांतल्या बऱ्याच फोटोंत पाणीच नाही. चिखल आहे. पेठेतल्या एखाद्या वाड्याची दर्शनी भिंत खाली बसली आहे आणि आतलं घर रस्त्यावर उघडं पडलं आहे. भिंतीतला कोनाडा दिसतो, खुंट्या दिसतात, अर्ध्यावर तुटलेला जिना दिसतो. रस्त्यात तुळया, कौलं, पत्रे आणि भांडी एकमेकांत अडकून पडलेली. त्या ढिगाऱ्यातून धोतर वर खोचून वाट काढणारी माणसं आणि काठावर उभं राहून नुसती बघणारी माणसं. पुराचे फोटो म्हणून आपण जे जपलं, ते खरं तर पूर गेल्यानंतरचे फोटो आहेत.

हे समजण्यासारखं आहे. पाणी आलं तेव्हा पुणेकर जीव मुठीत धरून पर्वतीकडे आणि उंचवट्यांकडे पळत होते. कॅमेरा त्या काळी मोजक्या घरांत असे, आणि ज्यांच्याकडे असे तेही आधी म्हातारी माणसं आणि पोरं बाहेर काढत होते. गच्चीवरून किंवा उंच जागेवरून काढलेले काही फोटो आहेत. त्यांत नदी आणि रस्ता यांतला भेद मिटलेला आहे आणि लकडी पुलाची जागा अंदाजानं ओळखावी लागते. पण असे फोटो थोडे. कॅमेरे बाहेर पडले ते मुख्यतः दुसऱ्या दिवशी, तिसऱ्या दिवशी, चिखल तुडवत.

मी राहतो त्या गागोदे बुद्रुकपासून पुणं सह्याद्रीच्या पल्याड आहे. गागोदे पेण तालुक्यातलं, रायगड जिल्ह्यातलं लहान गाव. ११ सप्टेंबर १८९५ ला विनोबा भावे इथे जन्मले, एवढ्यासाठी बाहेरची माणसं या गावाचं नाव घेतात. तरी पुण्याच्या पुराचे फोटो मला परके वाटत नाहीत. घाटमाथ्यावर अडलेल्या एकाच ढगाचं पाणी दोन्हीकडे वाटलं जातं. पलीकडे पडलेलं मुठेच्या खोऱ्यात जातं, अलीकडे पडलेलं अंबा, पाताळगंगा आणि सावित्री यांतून खाडीला मिळतं. ज्या पानशेत धरणाच्या फुटण्यानं पुण्यात तो पूर आला ते आंबी नदीवर आहे, आमच्या जिल्ह्यातली नदी अंबा. त्या आंबीच्या पुराची शहराला निदान चित्रं तरी मिळाली. अंबेनं १९८९ मध्ये जे केलं त्याची चित्रं शोधायला गेलं की हात रिकामे राहतात. या लेखाचं कारण तेच आहे.

आंबीचं पाणी

पानशेतचं धरण मातीचं. काम १९५७ च्या सुमारास सुरू झालेलं. १९६१ च्या पावसाळ्यात ते पुरतं झालेलं नव्हतं, तरी पाणी अडवायला सुरुवात झाली होती. धरणाच्या पोटातून पाणी बाहेर सोडण्यासाठी जो बंदिस्त मार्ग बांधला होता, त्यात लोखंडी सळयांचं काँक्रीट नव्हतं, साधे काँक्रीटचे ठोकळे होते. मातीच्या धरणात सर्वांत नाजूक जागा हीच. मातीचा भराव आणि पक्कं बांधकाम जिथे एकमेकांना भिडतात, तिथून पाणी वाट शोधतं, माती धुऊन नेतं आणि वरचा भराव खचू लागतो. जुलैच्या दुसऱ्या आठवड्यात घाटावर पाऊस कोसळत होता, जलाशय चढत होता आणि भराव खचत होता. लष्कराचे जवान रात्रभर वाळूची पोती रचत राहिले. त्यांनी धरण वाचवलं नाही, पण वेळ वाचवला. भराव रात्रीच्या अंधारात गेला असता तर झोपेतलं पुणं वाहून गेलं असतं. धरण फुटलं ते बुधवारी सकाळी.

पानशेतच्या खाली खडकवासला. इंग्रजांच्या अभियंत्यांनी १८७० च्या दशकात उभं केलेलं हे दगडी धरण. त्याच्या जलाशयाला त्या काळी लेक फाइफ म्हणत. आजच्या मापानं पानशेतची साठवण सुमारे साडेदहा टीएमसी आहे आणि खडकवासल्याची दोन टीएमसीच्या आत. वरच्या धरणाचं पाणी खालच्या धरणात मावण्याचा प्रश्नच नव्हता. पाणी खडकवासल्याच्या माथ्यावरून वाहू लागलं. ऐंशी वर्षांचं ते दगडी बांधकाम काही तास टिकलं आणि मग तेही फुटलं. म्हणून पुण्यात पाणी एका लाटेनं आलं आणि गेलं असं झालं नाही. आधी ते चढलं, मग खडकवासल्याचं पाणी येऊन मिळालं तेव्हा आणखी चढलं, आणि संध्याकाळपर्यंत शहराच्या नदीकाठच्या वस्त्यांत राहिलं.

डेक्कन जिमखाना, पुलाची वाडी, शिवाजीनगरचा काठ, नारायण, शनिवार, कसबा, सोमवार, मंगळवार या पेठा, ही नावं त्या दिवसाबरोबर कायमची जोडली गेली. किती माणसं गेली याचे आकडे वेगवेगळे सांगितले जातात, काही हजाराच्याही पुढे जातात. घरं मात्र हजारोंनी पडली. मातीच्या आणि भेंड्यांच्या भिंती, वर सागवानी सांगाडा, अशी त्या वाड्यांची बांधणी. तासन् तास पाण्यात उभी राहिल्यावर भिंतीतली माती विरघळली आणि सांगाडा खाली बसला. पाणी असताना पडलेल्या वाड्यांइतकेच पाणी उतरल्यावर पडलेले वाडे असावेत, असं फोटो पाहताना वाटतं. कारण त्यांतला ढिगारा वाहून गेलेला नाही, जागच्या जागी कोसळलेला आहे. आणि ज्या धरणातून शहर पाणी पीत होतं तेच रिकामं झाल्यामुळे, एवढं पाणी पाहिलेल्या शहराला दुसऱ्या दिवशी प्यायला पाणी नव्हतं.

कॅमेऱ्यानं काय पाहिलं

त्या काळचा घरगुती कॅमेरा म्हणजे डबा कॅमेरा किंवा त्याच्या थोडा वरचा. १२० नंबरचा रोल घातला की चौकोनी फोटो बारा निघत, लांबट काढले तर आठ. रोल महाग आणि धुण्याचा खर्च वेगळा. त्यामुळे एकेका फोटोमागे निवड असे. बारा फोटोंत आपला पूर बसवायचा तर माणूस काय टिपेल? आधी आपलं घर. मग आपली गल्ली. मग ओळखीची मोठी खूण, म्हणजे पूल, देऊळ, चौक. पानशेतच्या पुराच्या घरगुती संग्रहांत हाच क्रम पुन्हा पुन्हा दिसतो, आणि तो क्रम स्वतःच बोलका आहे. प्रत्येकानं आपल्या दारापासून शहर मोजलं.

फोटोत आणखी एक गोष्ट जाणवते ती सावल्यांची. सावल्या नाहीतच. जुलैचं आभाळ भरलेलं, उजेड सगळीकडे सारखा, करडा. एरवी जुन्या फोटोतली वेळ सावलीच्या लांबीवरून काढता येते, इथे ते जमत नाही. वेळ काढायची तर चिखलाकडे बघावं लागतं. ओला चकाकणारा चिखल म्हणजे पाणी नुकतंच उतरलेलं. भेगा पडलेला, पायवाट झालेला चिखल म्हणजे दोनचार दिवस गेलेले. ढिगाऱ्यातून सामान वेगळं करून रचून ठेवलेलं दिसलं तर आणखी पुढचा दिवस. आणि सगळ्यांत मोलाची असते ती भिंतीवरची रेघ. पाणी ज्या उंचीवर थांबतं तिथे गाळाची आडवी रेघ राहते. वरचा रंग जुना, खालचा मातकट. दाराच्या चौकटीशी, खिडकीच्या गजांशी, शेजारी उभ्या माणसाच्या खांद्याशी ती ताडून पाहिली की पाण्याची उंची फुटाच्या हिशेबात सांगता येते. फोटो काढणाऱ्याला ती रेघ टिपायची असेल किंवा नसेल, ती टिपली गेली आहे.

कॅमेऱ्यानं काय पाहिलं नाही, तेही त्याच फोटोंतून कळतं. कॅमेरे ज्यांच्या घरी होते त्यांच्या वस्त्या दिसतात. पेठांतले वाडे दिसतात, डेक्कनचे बंगले दिसतात. नदीच्या अगदी काठाला राहणारे कुंभार, परीट, हमाल, मजूर, त्यांच्या पत्र्याच्या आणि मातीच्या झोपड्या फार थोड्या फोटोंत आहेत. जे सर्वांत आधी बुडाले त्यांचं चित्र सर्वांत कमी निघालं. त्यांची घरं पडलेलीही दिसत नाहीत, कारण पडून उरावं असं तिथे काही नव्हतं. मोकळा सपाट चिखल दिसतो. पाहणारा त्याला नदीचा काठ समजून पुढचा फोटो हातात घेतो. त्या सपाट जागेवर आदल्या दिवशी माणसं राहत होती, हे कुणी शेजारी बसून सांगितल्याशिवाय कळत नाही. म्हणून असे फोटो एकट्यानं पाहू नयेत असं माझं मत झालं आहे. ज्यानं ते पाहिलं त्याच्या शेजारी बसून पाहावेत. असे डोळे आता सत्तरीच्या पलीकडचे आहेत.

आजच्या काठावर

जुन्या फोटोंच्या प्रती हातात घेऊन ओंकारेश्वरापासून लकडी पुलापर्यंत चालत जाता येतं. पहिल्यांदा लक्षात येतं की जागा ओळखायला वाडे उपयोगी पडत नाहीत, ते उरलेले नाहीत. देवळं उपयोगी पडतात, घाटांच्या पायऱ्या पडतात, पुलांच्या कमानी पडतात. काही जुन्या भिंतींवर पूर्वी पाण्याच्या उंचीच्या खुणा होत्या. वाडा पाडून इमारत उभी राहिली की भिंतीबरोबर खूणही जाते. नव्या इमारतीत राहायला आलेल्या माणसाला आपल्या पहिल्या मजल्याच्या बाल्कनीच्या उंचीवरून कधीकाळी नदी वाहिली, हे कळायला काही मार्ग उरत नाही.

लकडी पुलाच्या जागी पहिला पूल पेशव्यांनी १७६१ मध्ये लाकडाचा बांधला, पानिपतानंतर. बरोबर दोनशे वर्षांनी त्याच जागेवरून पानशेतचं पाणी गेलं. आज त्या पुलाशेजारून नदीपात्राच्या कडेनं मेट्रोचे खांब गेले आहेत. त्याखाली पात्रातला रस्ता आहे, गाड्या लावलेल्या आहेत, आणि भिडे पूल पावसाळ्यात धरणातून पाणी सोडलं की बुडतो. तो बुडाला की पुणेकर बघायला जमतात, मोबाइल वर करतात. १९६१ च्या फोटोंतली नदी रुंद आहे. तिच्या काठाला मोकळी जागा आहे, मळे आहेत. आजची नदी दोन्हीकडून आवळली गेली आहे. त्या रुंद नदीनं जे केलं ते पाहिलेलं शहर या अरुंद नदीच्या कुशीत इतकं सरकून कसं राहू शकतं, हा प्रश्न दोन फोटो शेजारी ठेवले की आपोआप उभा राहतो. त्यासाठी कुणाला भाषण करावं लागत नाही.

पाटबंधारे खात्याच्या नकाशांवर नदीकाठाला दोन रेषा असतात. पंचवीस वर्षांतून एकदा येऊ शकेल अशा पुराची निळी आणि शंभर वर्षांतून एकदा येऊ शकेल अशा पुराची लाल. निळ्या रेषेच्या आत बांधकाम होऊ नये असा नियम आहे. रेषा कागदावर आहेत. २५ सप्टेंबर २०१९ च्या रात्री आंबिल ओढ्याला पूर आला आणि वीसहून अधिक माणसं गेली. २५ जुलै २०२४ ला खडकवासल्यातून सुमारे ३५ हजार क्युसेक पाणी सोडलं गेलं. सिंहगड रस्त्यावरच्या एकतानगरीत पाणी घरांत शिरलं आणि डेक्कनच्या पुलाची वाडी भागात विजेच्या धक्क्यानं तीन तरुण गेले. पुलाची वाडी हे नाव १९६१ च्या यादीत आहे. त्रेसष्ट वर्षांनी ते पुन्हा यादीत आलं. धरण फुटलेलं नव्हतं. नेहमीच्या पावसाळ्यातला विसर्ग होता, थोडा मोठा.

चिखलातून उभं राहिलेलं शहर

या संग्रहांतला आणखी एक गट पाहावा असा आहे, आणि तो दिलासा देणारा आहे. पुरानंतरच्या महिन्यांचा. अर्धगोल छताच्या निसेन हटच्या रांगा, त्यांच्यामध्ये दोरीवर वाळत घातलेली लुगडी, दाराशी बसलेली मुलं. निसेन हट ही पहिल्या महायुद्धात १९१६ मध्ये सैन्यासाठी निघालेली रचना. पुण्यात ती पूरग्रस्तांच्या कामी आली. गोखलेनगरच्या माळावर अशा हटांची वस्ती झाली. यशवंतराव चव्हाण तेव्हा मुख्यमंत्री होते. पुनर्वसनाचं काम स. गो. बर्वे यांच्याकडे सोपवलं गेलं. ते आधी पुण्याचे महापालिका आयुक्त राहिलेले, शहराची नस ठाऊक असलेले अधिकारी. लोकमान्यनगर, सहकारनगर, गोखलेनगर या आज मध्यवर्ती वाटणाऱ्या वस्त्यांची पाळंमुळं त्या चिखलात आहेत. पूरग्रस्तांच्या शंभराहून अधिक गृहनिर्माण संस्था झाल्या. पेठेत एका वाड्यात, एका नळावर राहिलेली कुटुंबं शहराच्या कडांना जाऊन वेगवेगळी झाली. पुण्याची वाड्यांची राहणी मोडून सोसायट्यांची राहणी सुरू झाली, तिला या पुरानं वेग दिला. जुने पुणेकर शहराचा इतिहास पानशेतच्या आधीचा आणि पानशेतनंतरचा असा सांगतात, ते उगीच नाही.

जबाबदारी कुणाची, याचीही चौकशी झाली. सरकारनं न्यायमूर्ती बावडेकर यांचा आयोग नेमला. चौकशी चालू असतानाच त्यांचा मृत्यू झाला आणि काम न्यायमूर्ती नाईक यांच्याकडे गेलं. पानशेतचं धरण पुन्हा बांधलं गेलं, ते १९७० च्या दशकात पूर्ण झालं. त्याच्या जलाशयाला आज तानाजीसागर म्हणतात. सुट्टीच्या दिवशी तिथे गर्दी असते. धरणाच्या कडेला उभं राहून फोटो काढणाऱ्या मुलामुलींना १९६१ ठाऊक असावं, असं मला मनापासून वाटतं. त्यांचा आनंद कमी व्हावा म्हणून नाही. ज्या पाण्यावर आपलं शहर जगतं त्याची ताकद ओळखून जगावं म्हणून.

पॅरिस, फ्लॉरेन्स, सांगली

फोटोंतून पूर जपण्याचं काम जगात पॅरिसनं फार निष्ठेनं केलं आहे. जानेवारी १९१० मध्ये सीन नदी चढत गेली आणि २८ तारखेला ऑस्टरलिट्झ पुलाच्या मापावर ८.६२ मीटरपर्यंत पोहोचली. छायाचित्रकार होड्यांतून हिंडले, रस्त्यांवर उभारलेल्या फळ्यांच्या वाटांवरून चालणारी माणसं त्यांनी टिपली, आणि त्या फोटोंची पोस्टकार्डं होऊन ती हजारो घरांत गेली. अल्मा पुलाच्या पायाशी झुआव्ह सैनिकाचा पुतळा आहे. १९१० मध्ये पाणी त्याच्या खांद्यापर्यंत आलं होतं. आजही नदी चढली की पॅरिसकर आकड्याआधी विचारतात, पाणी झुआव्हच्या कुठवर आलं? महत्त्वाचं ते पुढे आहे. पॅरिसच्या पूर आराखड्यात १९१० चा पूर हाच मापदंड धरला आहे. जून २०१६ मध्ये सीन सहा मीटरच्या वर गेली तेव्हा लुव्र संग्रहालयानं दारं बंद करून तळघरांतल्या कलावस्तू वरच्या मजल्यांवर हलवल्या. शतकापूर्वीचे फोटो तिथे अजून कामावर आहेत.

४ नोव्हेंबर १९६६ ला फ्लॉरेन्समध्ये आर्नो नदीनं ग्रंथालयं आणि चर्च बुडवली. तिथल्या गल्ल्यांतून आजही भिंतींवर डोक्याच्या वर पाण्याच्या उंचीच्या पाट्या दिसतात, तारखेसह. आपल्याकडे सांगलीनं अशी आठवण आकड्यांत ठेवली आहे. १९२९ सालच्या आयर्विन पुलावरची पाण्याची पातळी सांगलीतलं शेंबडं पोरही सांगतं. धोक्याची पातळी ४५ फूट, आणि ऑगस्ट २०१९ मध्ये कृष्णा ५७ फुटांवर गेली. पावसाळ्यात चहाच्या टपरीवर फूट आणि इंचांत बोलणं चालतं. ज्या गावाला पुराची उंची पाठ असते ते गाव सामान वेळेवर माडीवर चढवतं. आठवणीचा व्यवहारात एवढा उपयोग होतो.

अंबेच्या काठचं रिकामं पान

आता आमच्या बाजूला येतो. अंबा खंडाळ्याच्या घाटाखालून निघते, जांभूळपाड्यावरून खाली येते, नागोठण्याला वळसा घालून धरमतरच्या खाडीत उतरते. नागोठण्याला तिच्यावर निजामशाहीच्या काळातला दगडी पूल आहे, शेकडो पावसाळे पाहिलेला. २४ जुलै १९८९ ला या नदीला महापूर आला. जांभूळपाडा उद्ध्वस्त झाला, नागोठणं बुडालं, माणसं आणि गुरं वाहून गेली. आमच्या भागात पन्नाशी ओलांडलेल्या माणसापाशी अंबेचा पूर एवढं म्हटलं की साल सांगावं लागत नाही.

पण फोटो? १९८९ म्हणजे रंगीत रोलचा जमाना. पुण्यामुंबईच्या घरांत कॅमेरे सर्रास झाले होते, कोकणातल्या खेड्यांत मात्र ते लग्नापुरते आणि बारशापुरते येत, तेही भाड्यानं. फोटो काढणारे स्टुडिओ बाजाराच्या गावी. पूर आला तेव्हा बाजारच पाण्यात होता. वर्तमानपत्रांत काही फोटो छापले गेले, ते जुन्या अंकांच्या गठ्ठ्यांत आहेत. काही मदतीला आलेल्या संस्थांच्या अहवालांत गेले असतील. गावाच्या हातात काय राहिलं? तोंडी आठवण. ती आठवण खरी आहे, पण ती सांगणाऱ्याबरोबर जाते. पुण्यातली पुलाची वाडी आणि आमचा जांभूळपाडा या बाबतीत एकाच रांगेत उभी आहेत. ज्यांच्या हातात कॅमेरा नव्हता, त्यांचा पूर पुसट झाला.

त्यानंतर जिल्ह्यानं आणखी काय काय पाहिलं. जुलै २००५ मध्ये महाड तालुक्यात जुई, दासगाव, रोहण, कोंडिवते इथे दरडी कोसळल्या. २ ऑगस्ट २०१६ च्या रात्री सावित्रीवरचा इंग्रजांच्या काळातला पूल पुरात गेला आणि दोन एसटी गाड्यांसह त्यावरची वाहनं नदीत पडली. २२ जुलै २०२१ ला महाड शहर पाण्याखाली गेलं आणि त्याच दिवशी तळिये गावावर डोंगर आला. तोवर प्रत्येकाच्या खिशात मोबाइल आलेला होता. महाडच्या पुराचे फोटो आणि चित्रफिती किती निघाल्या याला गणती नाही. तरी मला त्यांची काळजी जास्त वाटते. १९६१ चा फोटो कागदावर होता, ट्रंकेत पडून साठ वर्षं टिकला. २०२१ चा फोटो व्हॉट्सॲपवरून फिरून फिरून बारीक झाला, कुठल्या आळीचा, किती वाजताचा हे त्यावर राहिलं नाही, आणि मोबाइल बदलला तेव्हा तो बहुतेकांनी मागेच सोडला. भरपूर फोटो निघाले म्हणजे भरपूर उरतील असं नसतं.

आणि पुरात फोटोही बुडतात. महाडच्या चिखलात खातेवह्या, दाखले आणि लग्नाचे अल्बम एकत्र पडले होते. भिजलेले फोटो बहुतेक लोक टाकून देतात, तेव्हा थोडं तंत्राचं सांगतो, कारण पुढच्या पावसाळ्यात ते कुणाच्या तरी उपयोगी पडेल. जुन्या फोटोच्या कागदावर जिलेटिनचा थर असतो. प्रतिमा त्या थरात असते. पाण्यानं तो फुगतो आणि मऊ होतो, वाळताना जे शेजारी असेल त्याला चिकटतो. म्हणून ओला अल्बम तसाच उन्हात ठेवला की फोटो एकमेकांना कायमचे चिकटतात. अल्बम ओला असतानाच फोटो सुटे करावेत. थंड स्वच्छ पाण्यातून हलकेच काढावेत आणि प्रतिमेच्या बाजूला बोट न लावता, ती बाजू वर ठेवून, सावलीत एकेक सुटा वाळवावा. घासू नये, पुसू नये, इस्त्री फिरवू नये. लगेच जमणारं नसेल तर प्लास्टिकच्या पिशवीत घालून फ्रीजच्या बर्फाच्या कप्प्यात ठेवावेत, बुरशी थांबते आणि सवड मिळते.

दिवाळीच्या आवराआवरीत

गागोद्याहून पुण्याकडे आणि पुण्याहून परत अंबेकडे पाहताना माझ्या मनाशी एक गोष्ट पक्की झाली आहे. पुराचा फोटो डोळ्यांत पाणी आणण्यासाठी जपायचा नसतो. पाणी कुठवर आलं होतं, हे पुढच्या माणसाला ठामपणे सांगता यावं म्हणून जपायचा असतो. धरणाचा विसर्ग वाढतो तेव्हा, नदीकाठच्या भूखंडाची जाहिरात येते तेव्हा, शाळेची नवी खोली कुठे बांधायची हे ठरतं तेव्हा तो फोटो टेबलावर असला पाहिजे. ज्या बिल्डरला, ज्या ग्रामसेवकाला, ज्या अभियंत्याला निळी रेषा पुसट दिसते, त्याच्यापुढे शाळेच्या चौकटीला लागलेलं पाणी ठेवलं की बोलणं बदलतं.

यासाठी फार मोठी यंत्रणा लागत नाही. पेण, पाली, नागोठणं, रोहा, महाड इथल्या वाचनालयांनी आणि शाळांनी एकेक कपाट द्यावं. गावातल्या घरांनी आपले फोटो तिथे आणावेत, तिथेच त्यांची चांगल्या प्रतीची स्कॅन प्रत निघावी आणि मूळ फोटो त्याच दिवशी घरी परत जावा. प्रत्येक फोटोबरोबर चार गोष्टी लिहिल्या जाव्यात: तारीख, जागा, पाणी कशाला लागलं होतं, आणि हे कोण सांगतं. पाणी किती फूट होतं हे कुणाला आठवत नाही. पण ते मारुतीच्या देवळाच्या कितव्या पायरीला होतं, जात्याच्या वर होतं की उतरंडीच्या, हे प्रत्येक बाईला आठवतं. त्या पायरीवरून आणि उतरंडीवरून फूट काढायचं काम शाळेतली मुलं एका दुपारी करतील. गोळा झालेल्या उंच्या ग्रामपंचायतीच्या, शाळेच्या आणि एसटी थांब्याच्या भिंतीवर रंगवाव्यात, तारखेसह. फोटो ज्या गावात निघालेच नाहीत तिथे बोलणं ध्वनिमुद्रित करावं, सांगणाऱ्याला त्या जागेवर उभं करून आणि हात पाण्याच्या उंचीला धरायला लावून आज फोटो काढावा. इतक्या वर्षांनी उशिरा निघालेला तो १९८९ चाच फोटो असेल.

हा दिवाळी अंक हातात आहे म्हणजे घरात आवराआवर झालेली असेल किंवा चालू असेल. माळ्यावरची ट्रंक खाली आली असेल, त्यात वर्तमानपत्रात गुंडाळलेला अल्बम असेल. त्यातला पुराचा फोटो बाजूला काढा. आई, आजोबा, शेजारच्या काकू, ज्यांनी तो पूर पाहिला त्यांच्याजवळ बसा आणि विचारा. मग फोटो उलटा करून मागे मऊ शिसपेन्सिलीनं, दाब न देता, लिहा. बॉलपेन नको, त्याचे वळ पुढच्या बाजूला उमटतात. गावाचं नाव, आळीचं नाव, तारीख, पाण्याची खूण. पाडव्याला सगळे जमतील तेव्हा तो सगळ्यांना दाखवा आणि सुट्टी संपायच्या आत त्याची एक प्रत गावच्या शाळेत पोहोचवा.